चाळीस तासांची डायरी : एका शाळेने समाजसेवा सक्तीची केली तेव्हा

हे प्रकरण मुंबईतल्या गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेचं आहे. शाळा, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत आणि काही किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत. शाळेने नववीच्या मुलांना समाजसेवा सक्तीची केली आणि दिवाळीच्या आतच ती योजना अडचणीत आली. मग आढाव्यासाठी एक छोटी समिती नेमली गेली. शाळाबाह्य सदस्य म्हणून मी त्या समितीत होते.

शाळांनी समाजसेवा सक्तीची करावी का, हा विषय वक्तृत्व स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं येतो आणि मुलं दोन्ही बाजूंनी छान बोलतात. प्रत्यक्षात शाळा हा निर्णय कसा घेते आणि त्याचं ओझं कोणत्या मुलाच्या खांद्यावर जाऊन पडतं, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

शाळा जुनी आहे. १९८२ च्या संपाआधी इथे गिरणी कामगारांची मुलं येत. आज त्या कामगारांची नातवंडं येतात. शिवाय घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं, पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात राहायला गेलेल्या कुटुंबांतली मुलं आणि जवळच्या वसाहतीतली महापालिकेच्या सफाई कामगारांची मुलंही आहेत. समोरच्या टॉवरमधली मुलं या शाळेत येत नाहीत. ती आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत जातात, आणि तिथे सेवेचे तास, त्याची नोंद, प्रमाणपत्र हे सगळं रुळलेलं आहे.

कल्पना संस्थेच्या एका विश्वस्तांची. त्यांचा हेतू मनापासून चांगला होता, हे आधीच सांगायला हवं. 'आपल्या मुलांनीच का मागे राहायचं?' हा त्यांचा प्रश्न. त्यांचे नातेवाईक कॅनडात टोरोंटोला राहतात. तो भाग ऑन्टारिओ प्रांतात येतो, आणि तिथे १९९९ पासून शालान्त प्रमाणपत्रासाठी ४० तासांची समाजसेवा बंधनकारक आहे. हा आकडा इथे जसाच्या तसा आला. तिथे ते ४० तास नववी ते बारावी अशा चार वर्षांत मिळून करायचे असतात. इथे ते एकट्या नववीत, तेही शाळेच्या वेळेबाहेर, रविवारी आणि सुट्टीत करायचे ठरले. घरातलं काम सेवेत धरायचं नाही, हा तिथला नियमही सोबत आला.

जूनमध्ये प्रत्येक मुलाला छापील डायरी मिळाली. त्यात तारीख, काम, किती तास आणि 'जबाबदार व्यक्तीची सही' असे चार रकाने होते. तास पूर्ण न झाल्यास निकालपत्रावर तसा शेरा येईल, असं पालकसभेत सांगितलं गेलं. ती सभा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ११ वाजता होती, त्यामुळे निम्म्याहून जास्त पालकांना नियम कळला तो मुलांच्या तोंडून.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवा असावी असं सुचवलं होतं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' मांडलं. आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास आहेच. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, पण नाव नोंदवायचं की नाही हे विद्यार्थी ठरवतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही (सीबीएसई) २०१८ पासून नववी ते बारावीला सेवेचा उपक्रम लावला आहे. इतकी परंपरा हाताशी असताना शाळेने नियम मात्र दूरचा उचलला.

अडचण कशी समोर आली

पहिली तक्रार वर्गशिक्षिकांची होती. सप्टेंबरअखेर डायऱ्या तपासायला घेतल्या तेव्हा तास भराभर वाढलेले दिसले. गणपतीचे दहा दिवस बहुतेकांनी सेवेत लिहिले होते. काहींनी मंडपात खरोखर राबून गर्दी सांभाळली होती. काही नुसते बसले होते. सही दोघांनाही सारखीच मिळाली, कारण सही करणारा दादा ओळखीचा आणि पोरांना कशाला नाराज करायचं, असा सरळ हिशोब. एका मुलाने तर शिकवणीच्या सरांकडूनच सगळ्या सह्या आणल्या. अक्षर आणि पेन दोन्ही एक, तारखा मात्र सात.

दुसरी गोष्ट तपासणीतच निघाली. एका मुलीची डायरी कोरी होती. अभ्यासात बरी, वर्गात गप्प. बाईंनी विचारलं तर 'जमलं नाही' एवढंच म्हणाली. शेरा पडला : 'सहकार्य नाही'. पुढे समितीतल्या एका शिक्षिकेने घरी जाऊन पाहिलं तेव्हा चित्र उलगडलं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. आई पहाटे बाहेर पडून तीन घरी पोळ्या करते. त्यामुळे फिजिओथेरपीच्या दिवशी वडिलांना रुग्णालयात न्यायचं काम या मुलीचं. वडिलांना बाकावर बसवायचं, खिडकी उघडण्याआधी केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, मग व्हीलचेअर शोधायची, लिफ्टवाल्या मामांना विनवायचं आणि साडेबाराच्या शाळेला पोचायचं. धाकट्या भावाची आंघोळ आणि डबाही तिच्याकडेच. रविवारी आठवड्याचे कपडे. डायरीच्या नियमानुसार यातला एक मिनिटही सेवा नव्हता. हेच तिने शेजारच्या काकांसाठी केलं असतं तर महिन्याभरात ४० तास भरले असते.

तिसरी घटना सर्वांत गंभीर आणि तिच्यामुळेच समिती नेमावी लागली.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी शाळेने मुलांना दादर चौपाटीवर नेलं. विसर्जनानंतरची चौपाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, तिथे पीओपीचे तुकडे, थर्माकोल, कुजलेले हार आणि त्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. हातमोजे कमी पडले. सर वाटत असताना एक मुलगा हात पुढे करून उभा होता. मागून कुणीतरी म्हणालं, 'याला कशाला ग्लोव्ह्ज? याच्या घरचंच काम आहे.' चार-पाच जण हसले. सरांच्या कानावर ते गेलं नाही, किंवा गेलं असलं तरी त्यांनी तिथेच थांबवलं नाही. मुलाचे वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत. मुलाने तासभर हातांनी कचरा उचलला, घरी गेला आणि सोमवारी शाळेत आला नाही.

मंगळवारी वडील आले. कामावरून थेट, गणवेशातच. मुख्याध्यापिका बाईंनी मला त्यांचं बोलणं सांगितलं ते असं : 'बाई, लाड-पागेमध्ये माझ्या जागी तो लागू शकतो. खोली टिकवायची तर लागायलाच पाहिजे असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, खोली गेली तरी चालेल, पण याच्या हातात झाडू नको. म्हणून तुमच्याकडे घातला. आणि तुम्हीच दिला?'

ज्यांना हा संदर्भ नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. मुंबईत राहायची खोली कामाशी बांधलेली असते, त्यामुळे अनेक घरांत शिकलेला मुलगाही शेवटी बापाच्या जागी लागतो. त्या वडिलांची सगळी धडपड ही साखळी तोडण्याची होती.

समितीपुढचे पर्याय

दिवाळीनंतर समिती बसली. पहिला सूर होता नियम कडक करण्याचा. सहीऐवजी ठिकाण आणि वेळ दाखवणारा फोटो घ्यावा, असं सुचवलं गेलं. पण वर्गात किती मुलांकडे स्वतःचा फोन आहे, हे विचारल्यावर तो मुद्दा तिथेच मागे पडला. शिवाय फोटोने खोटी सही थांबली असती. कोरी डायरी आणि चौपाटीवरचं हसू हे दोन्ही प्रश्न तसेच राहिले असते.

दुसरा पर्याय सक्ती पूर्ण काढून टाकून इच्छुकांचा गट करण्याचा. बहुतेक शिक्षक याच बाजूचे होते आणि त्यांचं कारण मला महत्त्वाचं वाटलं. एक सर म्हणाले, 'मतदार याद्यांचं काम आमच्यावर दरवेळी येतं. नको म्हणता येत नाही. वरून लादलेल्या सेवेत मन किती लागतं ते आम्हाला विचारा.' संशोधनाचा कौलही काहीसा असाच आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या विद्यार्थ्यांना मुळात स्वयंसेवेची ओढ नव्हती त्यांच्यावर ती सक्तीने लादली की पुढे आपणहून असं काम करण्याची त्यांची इच्छा कमी होते, आणि निवड दिली तर हा तोटा होत नाही. तरीही गट ऐच्छिक केला तर कोण येईल, हे आम्ही नावं घेऊन मोजलं. ज्यांच्या घरी आजी स्वयंपाक करते आणि रविवार मोकळा असतो, तीच मुलं. प्रशस्तिपत्रकही त्यांनाच मिळणार.

तिसरा पर्याय कागदी प्रकल्पाचा होता. 'समाजसेवा : एक गरज' अशा विषयावर वही करायची. अशा तयार वह्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यामुळे त्यावर फार वेळ गेला नाही.

चौथा पर्याय मुख्याध्यापिका बाईंनी मांडला आणि चर्चेची दिशाच बदलली. त्यांचं म्हणणं होतं, की सक्ती राहू दे, पण ती शाळेवर असावी. मुलांना करण्याजोगं खरं काम शोधून देणं, ते शाळेच्या वेळेत बसवणं, सोबत शिक्षक असणं, सुरक्षितता पाहणं हे शाळेने करायचं. त्यातलं काय करायचं ते मुलाने निवडायचं. अमेरिकेत मेरीलँड राज्याने १९९० च्या दशकात ७५ तास बंधनकारक केले, पण स्थानिक शिक्षण मंडळांना स्वतःची योजना आखायची मुभा दिली, आणि अनेक ठिकाणी हे काम अभ्यासक्रमातच बसवलं जातं : आधी तयारी, मग काम, मग त्यावर विचार. बाईंचा आग्रह शेवटच्या टप्प्यावर जास्त होता. चौपाटीवरून परतल्यावर वर्गात कुणी काही बोललंच नव्हतं.

सर्वाधिक वाद झाला तो साफसफाईवर. विश्वस्तांनी गाडगेबाबांचं नाव घेतलं, गांधीजींचं घेतलं. श्रमाला लाज कसली, हा त्यांचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. मी तिथे जे म्हटलं ते इथेही लिहिते. गाडगेबाबांनी झाडू आपणहून उचलला, त्यांना कुणी नेमून दिला नव्हता. ज्यांच्या हातात तो पिढ्यान्पिढ्या नेमूनच दिला गेला, त्यांच्या मुलाला श्रमप्रतिष्ठेचा धडा झाडूनेच द्यायचा का? या कामाच्या उदात्तीकरणावर बाबासाहेबांनी कडाडून टीका केली होती, आणि महाराष्ट्रातल्या शाळेला ती विसरता येणार नाही. राज्यघटनेचं २३ वं कलम बेगारीला मनाई करतं आणि सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावण्याची मुभाही देतं, पण त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही असं बजावून. कायद्याच्या भाषेत ते कलम आमच्या डायरीला लागू होत नसेलही, पण घटनाकारांनी सक्तीच्या सेवेशेजारीच जातीचा उल्लेख का केला, हे चौपाटीवर त्या दिवशी दिसलं.

काय ठरलं, काय केलं

डायऱ्या बंद झाल्या. दुसऱ्या सत्रात शनिवारी, सगळ्यांचीच सकाळची शाळा असते तेव्हा, कार्यानुभवाचे दोन तास सलग जोडले आणि सत्रभरात मिळून १० तासांचं काम ठरवलं. सह्या नाहीत, कारण शिक्षक तिथेच हजर. ज्या मुलांवर घरी आजारी माणसाची किंवा लहान भावंडांची जबाबदारी आहे, त्यांनी वर्गशिक्षिकेला एकदा खाजगीत सांगायचं. तेवढ्यावर त्यांचं काम पूर्ण धरायचं आणि त्यांना शनिवारी गटात यायचं असेल तर स्वागतच. ही नोंद वर्गात वाचायची नाही, हे ठरावात मुद्दाम लिहिलं. त्या मुलीच्या निकालपत्रावरचा शेरा काढला गेला.

साफसफाई कुणालाही नेमून द्यायची नाही, असं ठरलं. एखाद्या गटाने ती आपणहून निवडली तर शिक्षक आणि विश्वस्त बरोबरीने काम करतील आणि साहित्य पुरेसं असल्याशिवाय निघायचं नाही. प्रत्यक्षात कुठल्याच गटाने ती निवडली नाही. एका गटाने मात्र आपापल्या चाळींत ओला-सुका कचरा वेगळा ठेवला जातो का ते घरोघरी विचारलं. चौपाटीवर हसलेल्यांपैकी दोघं त्या गटात होती. वेगळा न केलेला कचरा पुढे कुणाच्या हातांनी वेगळा होतो, यावर सरांनी त्यांच्याशी एक पूर्ण तास चर्चा केली. मुलांनी त्या मुलाची माफी मागावी अशी सूचना आली होती. मुलालाच विचारलं तेव्हा त्याने वर्गासमोर काही नको म्हटलं, आणि आम्ही ते मानलं.

इतर कामं तीन. पहिलं, संस्थेच्या प्राथमिक विभागात दुसरी-तिसरीच्या मुलांसोबत वाचन.

दुसरं, ज्येष्ठ नागरिकांना मोबाइलची मदत. हे शनिवारी चाळीच्या मंडळाच्या कार्यालयात, घरोघरी जाऊन नाही. निवृत्त गिरणी कामगारांना ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली तुटपुंजी पेन्शन चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. वयाने बोटांचे ठसे पुसट झालेले, यंत्र ते घेत नाही, मग हेलपाटे. आता चेहरा दाखवून फोनवरच दाखला काढता येतो. एका आजोबांचा चेहरा कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली काही केल्या टिपला जाईना, तेव्हा मुलींनी त्यांना खुर्चीसकट गॅलरीत, उजेडात आणून बसवलं आणि तिथे तो लगेच झाला. पैशांचे व्यवहार मात्र आम्ही दुसऱ्याच आठवड्यात वगळले. आजी-आजोबा मुलांच्या हातात फोन देऊन सरळ पिन सांगू लागले होते. उद्या कुणाचे पैसे गेले तर संशय चौदा वर्षांच्या मुलावर येणार.

तिसरं काम रुग्णालयातल्या मदतीचं. अल्पवयीन मुलांना ओपीडीत उभं करायला परवानगी मिळाली नाही, आणि संसर्गाचा विचार करता ते योग्यच होतं. मग कल्पना बदलली. गावाकडून आलेल्या नातेवाइकांसाठी एका पानाचं माहितीपत्रक करायचं : नवा केसपेपर कुठे, जुना कुठे, एक्स-रेची रांग कुठून सुरू होते, झेरॉक्स कुठे मिळते, आधार कार्ड नसेल तर कुणाला भेटायचं. गटातल्या मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कोरी डायरी असलेल्या मुलीला सगळं माहीत होतं. बाईंनी तिला विचारलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने एका बैठकीत सगळं लिहून दिलं, नकाशासकट. त्यात एक ओळ अशी होती : 'रुग्णाला आधी बसवा, मग रांगेत लागा, नाहीतर दोघांनाही उभं राहावं लागतं.' पत्रकावर नाव घालायला तिने नकार दिला.

परिणाम

वाचनाचा उपक्रम टिकला. मार्चमध्ये परीक्षा जवळ आल्यावरही मुलं जात होती, कारण खालची मुलं वाट पाहायची आणि न गेल्यास मधल्या सुट्टीत येऊन जाब विचारायची. सफाई कामगाराचा मुलगा याच गटात होता. त्याचे वडील पुन्हा शाळेत आले नाहीत, पण पुढच्या संमतीपत्रावर त्यांची सही आली.

ज्येष्ठांचं काम दाखल्यांपुरतं चाललं आणि मग ओसरलं. कचऱ्याच्या गटाने सर्वेक्षण केलं, पण लोकांच्या सवयीत फरक पडल्याचं मला दिसलं नाही. काही मुलं शेवटपर्यंत वेळ काढत राहिली. ती जूनमध्येही तशीच होती. माहितीपत्रक मात्र रुग्णालयाबाहेरच्या एका औषधाच्या दुकानदाराने मागून घेतलं आणि काउंटरवर लावलं.

शिक्षकांचा भार वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही. शनिवारचे दोन तास नियोजनासह त्यांच्या डोक्यावर आले आणि त्याचा मोबदला नाही. विश्वस्तही पूर्ण समाधानी नाहीत. अहवालात छापायला मोठा आकडा नाही, चौपाटीसारखे फोटो नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

डायरी छापण्याआधी नववीच्या मुलांना एकच प्रश्न विचारायला हवा होता : शाळा सुटल्यावर आणि रविवारी तुम्ही काय करता? एका तासात, नाव न घालता लिहून घेतलं असतं तरी कळलं असतं की या शाळेतली कितीतरी मुलं आधीच कुणाची ना कुणाची सेवा करत आहेत. पालकसभा संध्याकाळी सातला घेतली असती तर ते वडील चौपाटीआधीच बोलले असते.

चौपाटीवरचा क्षण खरा निर्णयाचा होता. हातमोजे कमी पडले तेव्हाच मोहीम थांबवता आली असती. टोमणा ऐकू आला नसला तरी कुणाला मोजे मिळाले नाहीत हे दिसत होतंच. कुठलीही शाळा असं काम काढत असेल तर सोबतच्या शिक्षकाला तिथल्या तिथे परत फिरायचा अधिकार लेखी द्यावा, असं मी सुचवलं आहे.

घरच्या जबाबदारीला सूट देण्याच्या नियमाबद्दल मला अजून पूर्ण खात्री नाही. खाजगीत सांगायचं म्हटलं तरी घरची अडचण बोलून दाखवणं काही मुलांना जड जातं, आणि ती पुन्हा गप्पच राहतील. त्यावर एका शिक्षिकेचं म्हणणं असं, की सूट हा शब्दच काढावा आणि १० तासांत घरच्या कामासह काहीही निवडण्याची मुभा सर्वांनाच द्यावी. दुसऱ्या शिक्षिकेला भीती वाटते, की मग मुलींच्या घरकामावर शाळेचाच शिक्का बसेल आणि भाऊ आणखी मोकळे सुटतील. दोघींचंही म्हणणं खरं आहे. यावर जूनआधी पुन्हा बैठक आहे आणि या वेळी नववी पास झालेल्या चार विद्यार्थ्यांना मताच्या अधिकारासह बोलावलं आहे. त्या मुलीलाही निमंत्रण दिलं आहे. येईन की नाही ते वडिलांच्या थेरपीच्या वारावर अवलंबून आहे, असं तिने कळवलं, म्हणून बैठकीचा वार बदलला आहे.